चव्वेचाळीस स्ट्रोक

सावली गावात दुपारी दोनला वीज गेली की वामनराव निमगडे यांच्या वर्कशॉपात वाद सुरू होत असे. यंत्रे थांबत, पत्रे तापत, आणि शेजारच्या ऑनलाइन सेंटरची रिंकू व समोरचा ट्रॅक्टर मिस्त्री प्रफुल हे दोघे बाकावर येऊन बसत. गेला महिनाभर वादाचा विषय एकच होता. रॅपर कुलदीप दुर्गेचा सर्वांत भारी काळ कोणता?

कुलदीप आता मुंबईत नावारूपाला आला होता; परंतु त्याआधी दीड-पावणेदोन वर्षे तो याच शेडमध्ये, कोपऱ्यातल्या शेपर यंत्रावर, वामनरावांच्या हाताखाली काम शिकला होता. रिंकू आणि प्रफुल यांनी मोबाइलवर इकडच्या गाण्यांचे एक पेज चालवले होते. त्यावर निकाल जाहीर व्हायचा होता, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आठवडाभर तर्री-पोहे खाऊ घालायचे होते.

"मुंबईचे दोन साल," प्रफुल म्हणाला. "विषय संपला. एकेका गाण्याले तीन-तीन करोड लोकायनं पाह्यलं."

"पाह्यल्यानं भारी होत असन तं म्हशीवर बसलेलं माकड सगळ्यात मोठा रॅपर आहे मंग," रिंकू म्हणाली. "त्याले पाच करोडनं पाह्यलं."

"अन् तुह्या सावलीच्या अकरा गाण्यायले कोणं पाह्यलं? तू, म्या अन् त्याची माय."

"थे अकरा सलग आईक. एक ओळ फालतू नाई."

"नववं?"

"नववं तुले समजलं नाई."

"मले समजलं नाई म्हणजेच फालतू. काका, आता तुमीच सांगा. तुमी इंजिनेर माणूस."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. नागपूरच्या तंत्रनिकेतनातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि सव्वीस वर्षे आयटीआयमध्ये पोरांना लेथ व शेपर शिकवला होता. प्रश्नातला शब्द मापून घेतल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही, ही सवय तेव्हाची.

"पहिले 'काळ' म्हणजे काय ते ठरवा," ते म्हणाले. "समजा, मी शंभर बुश कापले. त्यातला एक अगदी लाखात एक निघाला. तेवढ्यावरून मशीन चांगली म्हणता येत नाई. मधात एकही रिजेक्ट न होता सलग किती नग मापात निघाले, ते पाहावं लागते. पहिल्या पास नगापासून पहिल्या फेल नगापर्यंत जेवढं निघालं, तेवढा त्याचा काळ. बाकी नशीब."

"मंग हिशेब काय निघाला?"

"ऑक्टोबर दोन हजार सतरा ते मार्च एकोणीस. अकरा नग, रिजेक्ट शून्य. मुंबईले गेल्यावर पहिल्याच गाण्यात सोन्याची चेन आली. तिथी फेल."

रिंकूने टाळी वाजवली. प्रफुल हसला. "अकराही तुमच्या शेडातले आहेत काका. तुमी दुसरं काय म्हणान?"

हे वाक्य त्याने थट्टेने टाकले होते. वामनरावांनी ते थट्टेवारी नेले नाही. प्रफुल गेल्यावरही ते स्वतःला तपासत राहिले. आपण ही अकरा गाणी चांगली म्हणून आपली मानतो, की आपली म्हणून चांगली म्हणतो? त्यांनी सगळी गाणी पुन्हा एकदा क्रमाने ऐकली. उत्तर बदलले नाही.

खरे तर प्रफुलला ठाऊक होते त्याहून ती गाणी कितीतरी अधिक या शेडमधली होती.

शेपर हे लोखंडाला रंधा मारण्याचे यंत्र. त्याचा जड दांडा, ज्याला रॅम म्हणतात, सावकाश पुढे जातो आणि हत्यार धातूची एक पातळ साल काढते. मग रॅम काही न कापता, जाण्यापेक्षा वेगाने, मागे येतो. सावलीचा सगळा पट्टा धानाचा, त्यामुळे राईस मिलचे शाफ्ट सारखे यायचे. एका शाफ्टमध्ये चाक पक्के बसवणाऱ्या चावीची खाच पाडायची तर तास-दीड तास यंत्रापुढे नुसते उभे राहावे लागे. कुलदीप असा उभा असताना पुटपुटू लागला. पहिले दोन दिवस वामनरावांनी त्याला झापले. तिसऱ्या दिवशी ते काय पुटपुटणे आहे ते त्यांनी ऐकले.

त्या वेळी शेपरमध्ये एक दोष होता. रॅमला हलवणाऱ्या भुजेतला गनमेटलचा चौकोनी ब्लॉक झिजला होता, आणि परतीच्या तोंडाशी यंत्र एक ठोका देत असे. मिनिटाला चव्वेचाळीस स्ट्रोक, म्हणजे जाऊन-येऊन फेऱ्या. घर्रर्र अशी लांब चाल, मग खट्, मग झपकन परत. कुलदीपची लांब ओळ बरोबर त्या खट्पाशी येऊन अडखळे.

"पुढं जाताना हत्यार कापते," वामनरावांनी त्याला सांगितले होते. "येताना कापत नाई, नुसतं मोकळं होते. तूही जाताना काय कापायचं ते काप. खट् झालं की नवीन काही आणू नको. दोन शब्दात मोकळा हो."

आठवड्याने पहिले गाणे उभे राहिले.

*राईस मिलच्या कोंड्यानं आंगण भरलं, घर भरलं, छाती भरली तरी आमी खोकलो नाई —*
*खोकू कोणापाशी?*

*साहेब आला चार गाड्या घेऊन, आलापल्लीचं सागवान कागदावर मोजून गेला —*
*सावली नाई मोजली.*

पुढे सगळे ऐकणारे ज्या चालीवर लट्टू झाले, जिला रिंकूच्या पेजवर लोक 'लंगडी चाल' म्हणत, ती ही चाल. झिजलेल्या ब्लॉकची.

यंत्र तपासून दोष शोधला तोही कुलदीपनेच. नोंदवहीत त्याच्या अक्षरात आजही ओळ होती : 'शेपर — ब्लॉक झिजला, प्ले ०.६ मिमी, बदलणे आवश्यक.' प्ले म्हणजे भागांमधला ढिलेपणा. नवा ब्लॉक आणायला वामनरावांनी त्यालाच नागपूरला धाडले. बसने जाऊन-येऊन, तेलकट कागदात गुंडाळलेला ब्लॉक हातात घेऊन तो संध्याकाळी शेडमध्ये शिरला आणि दारातच थांबला.

"काका, बदलवू नका ना," तो म्हणाला होता. "हा खट् गेला तं माही ओळ कुठी संपन?"

सव्वीस वर्षे ढिल्या यंत्रावर काम करणाऱ्याचे अर्धे गुण कापणाऱ्या माणसाने त्या दिवशी नवा ब्लॉक कपाटात ठेवून दिला. नोंदवहीत कुलदीपच्या ओळीखाली लिहिले : 'सध्या नको. वा. नि.' त्यानंतर प्रत्येक खाच शेपरवर पाडून झाली की ते कानशीने हाताने घासून मापात आणत. तासाभराचे काम दोन तासांचे झाले. कुलदीप मुंबईला गेल्यावर ब्लॉक बदलायला काही हरकत नव्हती. परंतु तोवर त्यांच्या कानाला, आणि शेडमागच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या सत्यशीलाबाईंच्या कानालाही, तो ठोका घरचा झाला होता. प्रफुल अधूनमधून विचारी, "काका, मशीन ठोकून राह्यली. बदलवून टाका ना ब्लॉक." वामनराव म्हणत, "चालते अजून."

त्यांनी हे कोणालाच सांगितले नव्हते. सांगायचे तर कुलदीपने, असे त्यांच्या मनात होते. कधीतरी, कोणीतरी त्याला विचारील, आणि तो सांगेल. मागून घेतलेल्या श्रेयाला त्यांच्या लेखी वजन नव्हते.

असा विचारणारा अखेर भेटला. मुंबईतल्या एका तरुणाने मोबाइलवर कुलदीपची दीड तासाची मुलाखत घेतली. ती आली त्या दिवशी वीज जायच्या आधीच रिंकू पळत शेडमध्ये आली.

"काका, मशीन बंद करा! प्रफुल, ये इकडं, पोहे तयार ठेव!"

तिने मोबाइल वायसच्या लोखंडी पकडीवर उभा केला. पडद्यावर कुलदीप दिसला. केस वाढलेले, अंगात काळा सदरा. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, "भाई, तुझा पीक कोणता? लोक म्हणतात मुंबईची दोन वर्षं."

"नाही," कुलदीप म्हणाला. "पहिली अकरा गाणी. तेव्हासारखं सलग मी पुन्हा कधी लिहिलं नाही."

रिंकू किंचाळली. प्रफुलने कपाळावर हात मारला. वामनरावांनी नुसती मान हलवली. पण त्यांच्या हातातला मापाचा कॅलिपर त्यांनी दोनदा उघडून दोनदा मिटला.

"आणि ती चाल? ती लंगडी चाल आली कुठून?"

वामनराव किंचित पुढे झुकले.

कुलदीपने डोळे मिटले. "भामरागड," तो म्हणाला. "माझ्या मामांचं गाव. पावसाळ्यात नदीला पूर आला की रस्ता बंद, पंधरा-पंधरा दिवस जग तुटलेलं. मी लहान होतो. पलीकडच्या पाड्यावर ढोल वाजायचा. पुराच्या आवाजात त्याचा एक ठोका हरवून जायचा. ती चाल माझ्या रक्तात आहे. जंगलानं दिली मला ती."

"काय बात आहे," मुलाखत घेणारा हळूच म्हणाला.

मग रिंकू म्हणाली, "याचे मामा तं ब्रम्हपुरीले आहेत. बँकेत."

"दुसरे असतीन," प्रफुल म्हणाला.

"एकच आहेत. म्या त्याईचा फॉर्म भरला होता."

"मंग फेकून राह्यला बेटा! पण मस्त फेकली." प्रफुल हसू लागला, मग त्याची नजर वामनरावांकडे गेली आणि तो थांबला. "काका, बरं आहे ना?"

"बरं आहे," वामनराव म्हणाले. "पोहे कबूल केले होते, ते खाऊ घाल तिले." आणि त्यांनी शेपर सुरू केला. घर्रर्र, खट्. घर्रर्र, खट्. रिंकूने मान वर केली. ती यंत्राकडे पाहत राहिली, मग त्यांच्याकडे. तिचे ओठ काहीतरी मोजत असल्यासारखे हलले. नेमकी तेव्हाच वीज गेली.

त्या रात्री त्यांनी जेवण अर्धे टाकले. सत्यशीलाबाईंनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "वाद जिंकलो मी." त्यांना राग कुलदीप खोटे बोलल्याचा नव्हता, पोरे खोटे बोलतात. राग याचा होता की खोटे बोलताना त्याने ठोका अचूक ठेवला होता. हरवणारा एक ठोका, लांब चाल, झटक्यात परत. शेपरचे सगळे माप त्याने जसेच्या तसे उचलले आणि शेपर तेवढा काढून टाकला. ज्यांच्या पाड्यावर तो कधी पाय ठेवून आला नव्हता, त्यांचा ढोल त्या जागी आणून ठेवला. शेड, यंत्र आणि यंत्रापुढे उभा असलेला एक म्हातारा यांच्यासाठी त्या गोष्टीत जागा नव्हती.

बारा दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, जय भीम. रविवारी येऊन राह्यलो. तुमच्याकडंच. काम आहे."

वामनरावांनी दोन दिवस त्या 'काम आहे'चा विचार केला. चूक कबूल करायची असली की माणूस फोनवर करीत नाही, समोर येतो. असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. रविवारी त्यांनी शेड झाडली आणि धुतलेला सदरा घातला. सत्यशीलाबाईंनी त्याला आवडणारी सुक्या झिंग्यांची चटणी केली.

कुलदीप गाडीने आला. वाकून नमस्कार केला, चटणी-भाकर दोनदा मागून घेतली, बाईंना म्हणाला, "काकू, मुंबईत हे नाई भेटत." मग शेडमध्ये येऊन त्याने पिशवीतून हाताएवढे रेकॉर्डिंगचे यंत्र काढले आणि शेपरजवळ स्टुलावर ठेवले.

"पाच मिनिटं चालवा काका. नवीन अल्बम येऊन राह्यला. दोन साल झाले, काही जमून नाई राह्यलं. कॉम्प्युटरवर लय करून पाह्यलं, तो खट् बसतच नाई. असली आवाजच पायजे."

"अल्बमचं नाव काय?"

"भामरागड." तो क्षणभर थांबला. "आईकली का मुलाखत?"

"आईकली."

"मंग एक सांगतो. हे रेकॉर्ड केल्याचं कोणाले बोलू नका. रिंकूले तं नाईच नाई."

"काऊन?"

"आता म्या बोलून बसलो ना तिथी. पलटू कसा? लोकायले जंगल पायजे काका. शेपर म्हटलं तं कोणाले समजन?"

"समजावून सांगायले दीड घंटा होता तुह्याजवळ."

कुलदीप हसला, लहानपणीचे, अपराध पकडला गेल्यावरचे हसू. "रागावले का? नाव टाकतो ना तुमचं. आभारात. वामनकाकांचे आशीर्वाद. मोठ्या अक्षरात टाकतो."

"आशीर्वाद?" वामनराव म्हणाले. "मी तुले आशीर्वाद काय दिला रे? जे दिलं ते सांग."

"तेच ना. आशीर्वादच तं आहे सगळं."

वामनरावांनी अगदी वर्गात विचारावे तसे विचारले, "हा खट् कुठून येते, सांग बरं."

कुलदीपने यंत्राभोवती एक नजर फिरवली. "जुनी झाली ना मशीन. खालून कुठूनतरी येते."

"खालून."

"म्हणजे... गिअरमधून. किती साल झाले काका, कोणाच्या ध्यानात राहते?"

वामनरावांनी मान हलवली. त्यांनी धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या नीट दुमडल्या, पान्यांचा संच काढला आणि मेन स्विच पाडला. "थांब जरा. काम करायचं तर व्यवस्थित करू. आतलं काढून पाहू दे. तो टॉर्च धर."

"सर्व्हिसिंग का? करा, करा. आवाज क्लिअर येईन."

पावणेदोन तास लागले. झाकण उतरले, रॅम मागे सरकला, भुजा मोकळी झाली. कुलदीप टॉर्च धरून उभा होता. मधूनमधून त्याचा दुसरा हात खिशातल्या मोबाइलकडे जाई आणि उजेड हले. "इथी धर," वामनराव म्हणत, आणि उजेड पुन्हा जागेवर येई. झिजलेला ब्लॉक निघाला तेव्हा त्यांनी तो त्याच्या तळव्यावर ठेवला. कुलदीपने तो उलटासुलटा केला आणि फळीवर ठेवून दिला.

"कपाटात, खालच्या खणात कागदात बांधलेलं एक आहे," वामनराव म्हणाले. "ते दे."

तेलकट कागदावर नागपूरच्या दुकानाचा शिक्का होता आणि कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेले नाव होते. घेऊन जाणाऱ्याचे, कुलदीप दुर्गे. तेलाने शाई पसरली होती, तरी वाचता येत होते. वामनरावांनी हात पुढे करायला जरा उशीर लावला. जितका उशीर लावता येईल तितका लावला. कुलदीपने पुडके त्यांच्या हातात दिले आणि म्हणाला, "चार वाजले काका. मले आजच नागपूर गाठायचं आहे."

वामनरावांनी कागद सोडला. नवा ब्लॉक पिवळाजर्द होता. त्याला तेल लावले, खाचेत बसवला, सरकवून पाहिला. कोठेही ढिलाई नव्हती. सगळे भाग उलट्या क्रमाने परत चढले.

"कर सुरू तुहं," ते म्हणाले.

कुलदीपने रेकॉर्डिंगचे बटण दाबले, बोट ओठांवर ठेवले आणि डोळे मिटले. मुलाखतीत मिटले होते तसेच. वामनरावांनी स्विच वर केला. चव्वेचाळीस स्ट्रोक. रॅम पुढे गेला, मागे आला. पुढे गेला, मागे आला. वाऱ्याने पडदा हलावा इतकाच आवाज होता.

कुलदीपने डोळे उघडले. "खट् कुठी आहे?"

"तो बिघाड होता. दुरुस्त झाला."

"दुरुस्त? अजी, पण मले तोच..." त्याने फळीवरचा जुना ब्लॉक उचलला, आणि आता प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. अंगठा झिजलेल्या कडेवरून फिरला. मग त्याची नजर खाली पडलेल्या तेलकट कागदावर गेली. तो वाकला, कागद उचलला आणि कोपऱ्यातले नाव वाचले. "काका," तो म्हणाला, "हा परत बसवता येते ना?"

"येते. शेपरचा माणूस पायजे."

त्याने जुना ब्लॉक पिशवीत टाकला, मग काढून पुन्हा फळीवर ठेवला. जाताना वाकला, पण पायापर्यंत हात पोचायच्या आत सरळ झाला. गाडी गल्लीतून वळल्याचे वामनरावांनी ऐकले. आता शेडमध्ये बाहेरचे सगळे ऐकू येत होते.

त्यांनी नोंदवही काढली. सात वर्षांपूर्वीचे पान उघडून 'सध्या नको'च्या खाली, तारीख घालून, लिहिले : 'ब्लॉक बदलला. प्ले शून्य. मदतनीस — कुलदीप दुर्गे.' वही मिटली. यंत्र बंद केले नव्हते. ते त्याच्यापुढे उभे राहिले आणि सवयीने प्रत्येक स्ट्रोकच्या शेवटी थोडे थांबले. थांबायला काही नव्हते.

मागच्या दारातून सत्यशीलाबाई हात पुसत आल्या.

"मशीन बंद पडली का जी?" त्यांनी विचारले. "मघापासून आवाज नाई येऊन राह्यला."

"चालू आहे," वामनराव म्हणाले.